जुना लॉन मोवर: दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

लॉन मोवर म्हणजे हिरवळ एकसारख्या उंचीवर कापणारे यंत्र. बंगल्याचे आवार, सोसायटीची बाग, शाळेचे पटांगण, क्रिकेटचे मैदान, शेतघर अशा ठिकाणी ते वापरले जाते. महाराष्ट्रात गवत जोमाने वाढते ते जून ते ऑक्टोबर या काळात. पुढे पाणी देऊन राखलेली हिरवळ सोडली, तर मोवरला फारसे काम उरत नाही आणि तो सहा-सात महिने कोपऱ्यात उभा राहतो. पहिल्या पावसानंतर बाहेर काढल्यावर मात्र दोरी कितीही ओढली तरी इंजिन सुरू होत नाही, हा अनुभव अनेकांना येतो.

अशा वेळी ‘आता याचे आयुष्य संपले, भंगारात द्या आणि नवा घ्या’ हा सल्ला लगेच मिळतो. पण सुरू न होणारा मोवर आणि निकामी झालेला मोवर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक वेळा बिघाड इंधन, ठिणगी, हवा किंवा पाते यांपैकी एखाद्या ठिकाणी असतो आणि तो सुधारायला लागणारा भाग स्वस्त असतो. इंजिनच्या पोटातला मोठा बिघाड त्या मानाने कमी वेळा होतो. म्हणून दुरुस्ती की खरेदी हा निर्णय यंत्राच्या वयावर घेऊ नये; नेमका कोणता भाग गेला आहे, हे आधी पाहावे. ते कसे ओळखायचे, कधी दुरुस्ती करावी आणि कधी खरोखरच नवे यंत्र घ्यावे, याची माहिती या लेखात आहे.

मोवरचे प्रकार

गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी घेतले. ग्लॉस्टरशायर परगण्यातील स्ट्राउड हा भाग तेव्हा लोकरी कापडासाठी प्रसिद्ध होता. गिरणीत कापडावरचे लव एकसारखे छाटणारे यंत्र असे. तीच कल्पना त्यांनी गवतासाठी वापरली. आज वापरात असलेले मोवर साधारणपणे पुढील प्रकारचे असतात.

सिलिंडर किंवा रील मोवर: यात आडव्या दांड्याभोवती पिळदार पाती बसवलेली असतात आणि खाली एक स्थिर पाते असते. दोन्हींमध्ये गवत कात्रीसारखे कापले जाते. बडिंग यांचे यंत्र याच तत्त्वावर होते. हाताने ढकलायचे साधे मोवर आणि क्रिकेटच्या खेळपट्टीवर वापरले जाणारे यंत्र याच प्रकारात येतात.

पेट्रोलवरचा रोटरी मोवर: याच्या खालच्या बाजूला एकच आडवे पाते पंख्यासारखे फिरते. वर उभ्या दांड्याचे एक सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन असते. मोठ्या आवारात हा प्रकार अधिक दिसतो.

विजेवरचा मोवर: रचना रोटरी मोवरसारखीच, पण इंजिनच्या जागी मोटर. काहींना वायर जोडावी लागते, काही बॅटरीवर चालतात.

याशिवाय खांद्याला अडकवून वापरायचा ब्रश कटर आहे. तो लॉन मोवर नव्हे, पण कोकणातील आंबा-काजूच्या बागांमध्ये गवत काढण्यासाठी तोच जास्त वापरला जातो. त्याचे बिघाडही बरेचसे सारखेच असतात.

बिघाडाचे मोठे कारण: टाकीत राहिलेले पेट्रोल

मोवर वापराने जेवढा बिघडतो, त्याहून जास्त उभा राहिल्याने बिघडतो. टाकीत उरलेले पेट्रोल हळूहळू शिळे होते. त्यातले लवकर पेट घेणारे हलके घटक उडून जातात आणि उरलेल्या भागाचा चिकट थर कार्बोरेटरमध्ये बसतो. लहान इंजिनांचे उत्पादक साधारण ३० दिवसांपेक्षा जुने पेट्रोल वापरू नये असे सांगतात. कार्बोरेटरच्या जेटचे छिद्र केसाएवढे बारीक असते. त्यात थोडासा चिकटा बसला तरी इंधनाची वाट बंद होते.

भारतात याला आणखी एक कारण जोडले गेले आहे. पेट्रोलमध्ये उसापासून आणि धान्यापासून बनवलेले इथेनॉल मिसळले जाते. २० टक्के इथेनॉल असलेले ई२० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने मिळू लागले आणि २०२५ मध्ये देशभरातील मिश्रण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल यांचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाशी बसतो. टाकीतली नळी इंधन तळातूनच ओढत असल्याने इंजिनाकडे हाच थर जातो. या ओलाव्याने कार्बोरेटरच्या वाटीत पांढरट क्षार किंवा गंज धरतो. जुन्या रबरी नळ्या, वायसर आणि पडदे फुगतात किंवा कडक होऊन तडकतात.

लहान इंजिनांच्या अनेक माहितीपुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते. याचा अर्थ जुने यंत्र टाकून द्यावे असा नाही. इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या आणि वायसर बसवून घेणे, लागेल तेवढेच पेट्रोल आणणे आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करणे, एवढी काळजी घेतली तर जुने इंजिनही चालवता येते.

इंजिनाला लागणाऱ्या तीन गोष्टी

पेट्रोल इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात: हवेत योग्य प्रमाणात मिसळलेले इंधन, योग्य वेळी पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. चांगला मेकॅनिक याच क्रमाने तपासणी करतो. यांतल्या काही खुणा मालकालाही ओळखता येतात. मात्र कोणतीही तपासणी करण्यापूर्वी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवावी. ती जोडलेली असताना पाते हाताने फिरवले तरी इंजिन अचानक सुरू होऊ शकते.

इंधन: दहा-बारा वेळा दोरी ओढल्यानंतर प्लग काढून पाहावा. तो कोरडा ठणठणीत असेल, तर इंधन सिलिंडरपर्यंत पोहोचलेलेच नाही. टाकीचा कॉक, गाळणी, नळी आणि कार्बोरेटर यांपैकी कुठेतरी अडथळा आहे. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बंद झाले, तर इंजिन काही मिनिटे चालून बंद पडते. झाकण सैल केल्यावर ते चालू राहत असेल, तर दोष झाकणातच असतो.

ठिणगी: प्लग ओला असूनही इंजिन सुरू होत नसेल, तर ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल जास्त झाले आहे असे समजावे. प्लगवरची काजळी साफ करून त्याच्या टोकांमधले अंतर फीलर गेजने पाहतात. बऱ्याच मोवरमध्ये ते ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. नवा प्लग ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे, म्हणून ती आधी करून पाहतात. त्यानेही फरक पडला नाही तर इग्निशन कॉइल आणि बंद करण्याच्या स्विचची वायर तपासावी लागते. ठिणगीची चाचणी पेट्रोलच्या वाफेजवळ करणे धोक्याचे असते. ती मेकॅनिकवर सोडावी.

दाब: दोरी ओढताना एका ठरावीक जागी हाताला अडकल्यासारखे जाणवले पाहिजे. दोरी अगदी हलकी सरकत असेल, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, अशी शंका घ्यावी. हे काम मोठे असते आणि खर्चाचा विचार इथून सुरू होतो.

लक्षणावरून अंदाज

मेकॅनिककडे जाताना ‘बंद पडला आहे’ एवढेच न सांगता लक्षण नेमके सांगितले, तर वेळ आणि पैसे दोन्ही वाचतात.

- इंजिनाचा वेग आपोआप वर-खाली होतो: कार्बोरेटरची बारीक वाट अर्धवट बुजली आहे किंवा कुठून तरी जादा हवा आत शिरते आहे. बहुतेक वेळा कार्बोरेटर खोलून साफ केल्यावर आणि नवी पॅकिंग बसवल्यावर काम होते.

- काळा धूर येतो: पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर बुजलेला असतो किंवा चोक पूर्ण उघडत नसतो.

- पांढरट निळसर धूर येतो: ऑइल जळते आहे. ऑइल प्रमाणापेक्षा जास्त भरले किंवा मोवर चुकीच्या बाजूला आडवा केला, तरी असा धूर येतो आणि थोड्या वेळाने थांबतो. तो थांबतच नसेल, तर रिंगा किंवा व्हॉल्व्हकडे पाहावे लागते.

- दोरी ओढलीच जात नाही: पात्यात ओले गवत किंवा तार अडकली आहे, ब्रेक सुटत नाही किंवा ऑइल सिलिंडरमध्ये शिरले आहे. जोर लावून दोरी ओढण्यापूर्वी हे पाहावे.

- दगडाला पाते आपटले आणि त्यानंतर इंजिन सुरू होत नाही: फ्लायव्हीलला दांड्याशी जखडून ठेवणारी एक छोटी चावी असते. ती मुद्दाम मऊ धातूची बनवतात, म्हणजे धक्का बसला की ती तुटावी आणि महागाचे भाग वाचावेत. ती थोडीशी जरी कापली गेली, तरी ठिणगी पडण्याची वेळ चुकते. दोरीला उलटा झटका बसतो किंवा इंजिन फक्त भडभडते. ही चावी अगदी स्वस्त मिळते. असा मोवर ‘इंजिन गेले’ म्हणून टाकून दिला जाणे ही दुरुस्तीतली मोठी फसगत आहे.

मोवर आडवा करताना एअर फिल्टर आणि कार्बोरेटरची बाजू वर राहील, असा करावा. उलट बाजूने आडवा केला तर ऑइल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये उतरते. पाते साफ करण्याच्या नादात हे अनेकदा घडते आणि नसलेला बिघाड तयार होतो.

पाते: दुर्लक्षित पण महत्त्वाचा भाग

गवताची टोके फाटल्यासारखी दिसून दोन दिवसांत पिवळी पडत असतील, तर पात्याची धार गेली आहे. बोथट पात्यामुळे इंजिनावरही ताण येतो आणि ‘मोवरमध्ये दम राहिला नाही’ असे वाटू लागते. धार लावताना मूळ उताराचाच कोन ठेवावा लागतो. धार लावून झाल्यावर पाते मधल्या छिद्रातून भिंतीतल्या खिळ्यावर आडवे टांगून पाहतात. एक बाजू खाली झुकली, तर ती बाजू जड आहे. तिथला थोडा धातू घासून दोन्ही बाजू सारख्या कराव्या लागतात. तोल नसलेले पाते संपूर्ण यंत्राला हादरे देते आणि बेअरिंग, बोल्ट, दांडा यांची झीज वाढवते.

वाकलेले किंवा तडा गेलेले पाते ठोकून सरळ करू नये आणि त्याला वेल्डिंगही करू नये. ते बदलावेच. फिरत्या पात्याचा तुकडा उडाला तर त्याचा वेग जीवघेणा असतो.

रील मोवरची गोष्ट वेगळी आहे. त्यात इंजिन नसले तर बिघडण्यासारखे फारसे काही नसते. फिरती पाती आणि खालचे पाते यांच्यात कागदाची पट्टी धरून दांडा हाताने फिरवावा. कागद पूर्ण रुंदीवर स्वच्छ कापला गेला पाहिजे. एखाद्या बाजूला तो कापला जात नसेल, तर दोन्ही टोकांचे स्क्रू थोडेथोडे फिरवून अंतर जुळवतात. धार बोथट झाली असेल, तर घासणारी पेस्ट लावून रील उलट्या दिशेने फिरवतात. इंग्लंडमधील साउथपोर्ट येथे तर जुन्या लॉन मोवरचे संग्रहालय आहे. शंभर वर्षांपूर्वीची अशी यंत्रे नीट करता येतात, कारण त्यांचे भाग नटबोल्टने जोडलेले आणि उघडता येणारे आहेत.

विजेवर आणि बॅटरीवर चालणारे मोवर

वायरवाल्या मोवरमध्ये सर्वांत आधी प्लग, वायर आणि हँडलजवळचा स्विच तपासावा. पात्याखाली आलेली किंवा वारंवार वाकून आतून तुटलेली वायर हे नेहमीचे कारण आहे. वायरला चिकटपट्टी लावून काम भागवू नये. ओल्या गवतावर अशी वायर म्हणजे विजेच्या धक्क्याला आमंत्रण असते. पूर्ण वायर बदलावी.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही, असे झाले आणि मोटर इंडक्शन प्रकारची असेल, तर कपॅसिटर गेलेला असण्याची शक्यता जास्त. घरातल्या पंख्यात किंवा पाण्याच्या पंपात होते तसाच हा बिघाड. ब्रश असलेल्या मोटरमध्ये ठिणग्या जास्त दिसत असतील किंवा ती अधूनमधून बंद पडत असेल, तर कार्बन ब्रश झिजलेले असतात. दोन्ही भाग स्वस्त आहेत. मात्र वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार साठलेला राहू शकतो, म्हणून त्याला थेट हात लावू नये. मोटर जळालीच असेल, तर ती रिवाइंडिंग करून मिळते. शेतीपंपांमुळे महाराष्ट्रात तालुक्याच्या गावीही रिवाइंडिंगची दुकाने आहेत.

बॅटरीवरच्या मोवरमध्ये मोटर सहसा शाबूत असते आणि आधी थकते ती बॅटरी. ती कंपनीच्या ठरावीक आकाराची असल्याने दुसरी चालत नाही. तिचे उत्पादन बंद झाले, की चांगले यंत्रही पडून राहते. म्हणून असे यंत्र घेतानाच बॅटरी सुटी मिळते का आणि तीच बॅटरी त्या कंपनीच्या इतर साधनांना चालते का, हे विचारावे. लिथियम बॅटरीचा पॅक घरी उघडू नये. आग लागण्याचा धोका असतो.

ब्रश कटरबाबत एक वेगळी काळजी

बरेच ब्रश कटर टू-स्ट्रोक इंजिनाचे असतात. त्यांत ऑइल वेगळे भरत नाहीत, पेट्रोलमध्येच मिसळतात. ५०:१ प्रमाण सांगितले असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर ऑइल, २५:१ असेल तर ४० मिलिलिटर. नुसते पेट्रोल भरून यंत्र चालवले, तर पिस्टन आणि सिलिंडर थोड्याच वेळात खरवडून निघतात. ही दुरुस्ती अनेकदा परवडत नाही. ऑइल प्रमाणापेक्षा जास्त टाकले तर प्लग आणि सायलेन्सरमध्ये काजळी साठते. ब्रश कटरच्या कार्बोरेटरमध्ये पातळ रबरी पडदा असतो. तो कडक झाला की यंत्र सुरू होत नाही. पडदा आणि पॅकिंगचा संच सुटा मिळतो.

दुरुस्ती कधी करू नये

प्रत्येक यंत्र वाचवण्याजोगे नसते. पुढील परिस्थितीत नवे यंत्र घेणे शहाणपणाचे ठरते.

- इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, वाकला आहे. पाते नवे आणि तोल साधलेले असूनही जोराचे हादरे बसतात, हे त्याचे लक्षण. दांडा ठोकून सरळ करणे धोक्याचे आहे.

- ऑइलअभावी इंजिन जाम झाले आहे किंवा आतला दांडा तुटून इंजिनाच्या कवचाला भोक पडले आहे.

- पात्याभोवतीचे पत्र्याचे आवरण गंजून ठिकठिकाणी सडले आहे. एखादी भेग वेल्डिंगने बुजवता येते, पण इंजिन ज्या भागावर बसते तिथला पत्रा गेला असेल, तर भरवसा ठेवू नये.

- सुटे भाग कुठेच मिळत नाहीत आणि ते बाजारातल्या प्रमाणित आकाराचेही नाहीत.

- एकाच हंगामात एकामागून एक वेगवेगळे बिघाड होत आहेत.

खर्चाचा हिशेब

दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त असेल तर नवे घ्यावे, असा एक ढोबळ नियम सांगितला जातो. तो सोयीचा असला तरी अपुरा आहे. त्यापेक्षा दर वर्षाचा खर्च काढणे अधिक उपयोगी ठरते.

उदाहरणादाखल समजा, नवा मोवर ३०,००० रुपयांना मिळतो आणि तो १० वर्षे चालेल असा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला ३,००० रुपये झाले. जुन्या मोवरच्या दुरुस्तीला ६,००० रुपये लागत असतील आणि त्यानंतर तो ४ वर्षे चालणार असेल, तर वर्षाला १,५०० रुपये पडतात. इथे दुरुस्ती फायद्याची. पण दुरुस्तीला १४,००० रुपये लागून यंत्र जेमतेम २ वर्षे चालणार असेल, तर वर्षाला ७,००० रुपये होतात. खर्च निम्म्यापेक्षा कमी असूनही ही दुरुस्ती तोट्याची आहे.

तुलना करताना दोन यंत्रे सारख्या दर्जाची आहेत का, हेही पाहावे. जाड पत्र्याचा, चांगल्या इंजिनाचा जुना मोवर आणि प्लास्टिकचे आवरण असलेला स्वस्त नवा मोवर यांची किंमत समोरासमोर ठेवणे बरोबर नाही. गरज खरेच किती आहे, हाही प्रश्न आहे. दोन गुंठ्यांपेक्षा लहान हिरवळीसाठी मोठे इंजिन बदलत बसण्यापेक्षा साधा ढकलायचा रील मोवर पुरेसा होऊ शकतो.

मेकॅनिक आणि सुटे भाग कुठे शोधायचे

लॉन मोवर दुरुस्त करतो अशी पाटी लावलेले दुकान जवळ सापडेलच असे नाही. पण फवारणी पंप, पॉवर वीडर, पाण्याचा इंजिन पंप किंवा लहान जनरेटर दुरुस्त करणाऱ्याला हे काम जमते, कारण इंजिनाचे तत्त्व तेच असते. एक फरक मात्र लक्षात ठेवावा. रोटरी मोवरच्या इंजिनाचा दांडा उभा असतो, तर पंप आणि जनरेटरच्या इंजिनाचा आडवा. त्यामुळे पंपाचे अख्खे इंजिन काढून मोवरला बसवता येत नाही.

सुटा भाग मागताना मोवरची कंपनी सांगून पुरत नाही. मोवर एका कंपनीचा आणि त्यावरचे इंजिन दुसऱ्या कंपनीचे असे नेहमी असते. इंजिनावर कोरलेला किंवा छापलेला मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांक यांचा फोटो काढून ठेवावा. कार्बोरेटर, पॅकिंग, कॉइल हे भाग त्यावरूनच जुळतात.

बेअरिंग, ऑइल सील, पट्टे, नटबोल्ट हे भाग मात्र बऱ्याचदा प्रमाणित आकाराचे असतात आणि मोवरच्या दुकानातच घ्यावे लागतात असे नाही. बेअरिंगवर ६२०३ असा आकडा असेल, तर त्याचा आतला व्यास १७, बाहेरचा ४० आणि जाडी १२ मिलिमीटर असते, मग कंपनी कोणतीही असो. मुंबईतील नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्यातील नाना पेठेसारख्या बाजारपेठांत असे भाग नमुना दाखवून मिळतात. न मिळणारा बुश किंवा पिन लेथवर करून घेता येते.

काम देण्यापूर्वी तपासणीचे पैसे वेगळे आहेत का, अंदाजे खर्च किती आणि कामाची हमी किती दिवसांची, हे विचारावे. खर्च ठरलेल्या आकड्याच्या पुढे जाणार असेल तर आधी कळवायला सांगावे. बदललेले जुने भाग परत मागावेत. जूनमध्ये सगळ्यांचीच यंत्रे दुरुस्तीला येतात, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत काम दिले तर ते निवांतपणे आणि नीट होते.

सुरक्षिततेशी तडजोड नको

मोवरच्या दांडीवर एक पट्टी असते. ती हाताने धरून ठेवली तरच पाते फिरते; सोडली की थांबते. अमेरिकेत मागे चालत वापरायच्या रोटरी मोवरसाठी १९८२ पासून असा नियम आहे की, पट्टी सोडल्यावर पाते ३ सेकंदांत थांबले पाहिजे. केबल तुटली किंवा ब्रेक अडकला की ही पट्टी तारेने बांधून ‘चालू करून दिले’, असा जुगाड केला जातो. तो कधीही स्वीकारू नये. केबल किरकोळ किमतीत बदलून मिळते. पात्याखाली गेलेली बोटे परत मिळत नाहीत.

जादा ताकद मिळावी म्हणून इंजिनाचा वेग ठरवणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग ताणून घेणेही घातक आहे. पाते ज्या वेगासाठी बनवले आहे त्यापेक्षा वेगाने फिरले, तर ते आणि त्याखालचे दगड गोळीसारखे उडू शकतात. कापलेले गवत बाहेर पडते तिथली झडप काढून टाकू नये. दुरुस्तीहून आलेले यंत्र घेताना पट्टी, ब्रेक, झडप आणि पात्याचा बोल्ट या चार गोष्टी जागेवर पाहून घ्याव्यात.

दुरुस्तीचा हक्क

यंत्र दुरुस्त होईल की नाही, हे बरेचसे ते बनवतानाच ठरलेले असते. भाग चिकटवलेले आहेत की स्क्रूने जोडलेले, माहितीपुस्तिका खुली आहे का, सुटे भाग किती वर्षे मिळतील, या गोष्टी ग्राहकाला खरेदीच्या वेळी दिसत नाहीत. त्या दिसाव्यात म्हणून फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर १० पैकी ‘दुरुस्ती निर्देशांक’ छापणे बंधनकारक केले. सुरुवातीच्या पाच वस्तूंत स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही आणि वॉशिंग मशीन यांच्याबरोबर विजेवरचे लॉन मोवरही होते. कागदपत्रे, उघडण्याची सोय, सुट्या भागांची उपलब्धता आणि त्यांची किंमत यांवर हे गुण दिले जातात.

भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवण्यासाठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी पोर्टल सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे घेतली आहेत. कंपन्यांनी माहितीपुस्तिका, सुटे भाग आणि सेवा केंद्रांची माहिती तिथे एकत्र द्यावी, हा त्यामागचा उद्देश आहे.

यंत्र टाकावेच लागले, तर पेट्रोल आणि ऑइल काढून घेऊन मगच भंगारात द्यावे. ऑइल गटारात ओतू नये. ते गॅरेजवाल्याकडे द्यावे. विजेवरचा मोवर ई-कचऱ्यात जातो आणि बॅटरी वेगळी द्यावी लागते. इंजिन गेलेल्या मोवरची चाके, केबल, कार्बोरेटर, पाते हे भाग दुसऱ्या यंत्राला उपयोगी पडतात, म्हणून मेकॅनिकला आधी विचारून पाहावे.

पुढच्या हंगामासाठी निगा

एकदा दुरुस्त झालेला मोवर पुन्हा त्याच कारणाने बंद पडू नये, यासाठी पुढील कामे पुरेशी आहेत.

- दर वापरानंतर यंत्र थंड झाल्यावर, प्लगची वायर काढून, खालचे ओले गवत खरवडून काढावे. ते तसेच राहिले की पत्रा गंजतो.

- फोर-स्ट्रोक इंजिनाचे ऑइल माहितीपुस्तिकेप्रमाणे बदलावे. साधारणपणे नव्या इंजिनात पहिल्या ५ तासांनंतर आणि पुढे ५० तासांनी किंवा वर्षातून एकदा ते बदलतात. सुरू करण्यापूर्वी पातळी दर वेळी पाहावी.

- एअर फिल्टर हंगामात दोन-तीनदा साफ करावा. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. कागदाचा असेल तर हलकेच झटकावा, धुऊ नये.

- हंगाम संपला की टाकी रिकामी करावी आणि उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते मोकळ्या हवेत चालू ठेवावे. कार्बोरेटरच्या वाटीला खाली स्क्रू असेल, तर तो सैल करून राहिलेले थेंबही काढावेत.

- पाते काढून धार लावावी, त्यावर ऑइलचा हात फिरवावा आणि यंत्र कोरड्या जागी झाकून ठेवावे.

खंडेनवमीला अवजारे धुऊन-पुसून त्यांची पूजा करण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे. तो दिवस पावसाळा सरतानाचा असतो, म्हणजे मोवर आवरून ठेवण्याच्या अगदी आधीचा. टाकी रिकामी करणे, ऑइल बदलणे आणि पात्याला धार लावणे ही कामे तेव्हाच उरकली, तर पुढच्या जूनमध्ये दुरुस्तीला जाण्याची वेळ सहसा येत नाही.